घशाच्या रेडिएशननंतर बिघडलेले हार्मोन : माझा अनुभव

मी नाशिकचा. राहायला सिडकोत, अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. वय 48. नोव्हेंबर 2022 मध्ये मला उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर निघाला, मानेतही एक गाठ होती. तोंड कसं सोलवटतं, काय खावं, जेवणाची नळी कधी काढतात यावर मराठीत बरंच वाचायला मिळतं. पण मानेला रेडिएशन दिलेल्या पुरुषाची शरीरसंबंधांची इच्छा का मरते आणि त्यावर काय करता येतं, हे मी रात्री-रात्री शोधूनही कुठे सापडलं नाही. म्हणून लिहितोय. नाव देत नाही, मुलगी कॉलेजात आहे.

उपचाराचं थोडक्यात सांगतो. जानेवारी 2023 च्या मध्यावर रेडिएशन सुरू झालं. आठवड्याचे पाच दिवस, एकूण 70 ग्रे (रेडिएशन मोजायचं माप), 35 वेळा विभागून, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन. पहिले दोन आठवडे मी सकाळी मशीनखाली झोपून तसाच कामावर जायचो. मग चव गेली, तोंड आलं, नाकातून नळी पडली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपलं. त्या वर्षी रंगपंचमीला रहाडीकडे, म्हणजे रंगाच्या हौदाकडे, फिरकलोसुद्धा नाही. वजन बारा किलोंनी उतरलं होतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डॉक्टरांनी विचारली होती : अजून मूल हवंय का? हवं असेल तर केमो सुरू होण्याआधी वीर्य साठवून ठेवा, आणि उपचार चालू असताना व नंतरचे काही महिने संबंध आलेच तर निरोध वापरा. आम्हाला मूल नको होतं, त्यामुळे विषय तिथेच संपला. तरुण असाल तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत काढा. सलाईन लागल्यावर उशीर होतो.

पैशांचं म्हणाल तर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. रेडिएशन आणि केमो डे-केअरमध्ये धरतात, त्यामुळे चोवीस तास अ‍ॅडमिट नसूनही कॅशलेस झालं. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, मध्येच क्वेरी काढली, तंबाखू किती वर्षं खाताय म्हणून. त्याचं उत्तर डॉक्टरांच्या लेटरहेडवर हवं होतं, त्यात चार दिवस गेले. माझ्यासोबत बाकड्यावर बसणाऱ्या बऱ्याच जणांचं महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. त्यांची फाईल आरोग्यमित्राच्या टेबलावरून फिरायची : रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट. माझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च 60 दिवसांपर्यंतच मिळणार होता. ही अट तेव्हा कोणाच्या डोक्यात राहते?

पहिल्या काही महिन्यांत संबंधांचा विचारही मनात नव्हता, आणि ते साहजिकच होतं. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. रात्रभर चिकट थुंकी यायची, खोकला, उशाशी भांडं. बायकोची झोप मोडायला नको म्हणून मी हॉलमध्ये गादी टाकली. मे महिन्यात मॉर्फिन बंद झालं, नळी निघाली, जूनमधला पेट स्कॅन स्वच्छ आला. गादी मात्र हॉलमध्येच राहिली. कोणी ठरवून ठेवली नव्हती, पण कोणी उचललीही नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, केली, 2.9 आली. नॉर्मल. मी पुन्हा पूर्ण वेळ कामावर.

मग हिवाळा लागला. मला थंडी जास्त वाजायची, पण नाशिकात डिसेंबर-जानेवारीत स्वेटर घातलेल्या माणसाला कोण विचारणार! निफाडचा पारा पेपरात छापून येतोच. वजनही वाढायला लागलं. एवढासा भात आणि ताक यावर वजन वाढत होतं, आणि भेटेल तो पाठीवर थाप मारायचा : "वा, अंग धरलं की! चेहरा भरला!" मलाही बरं वाटायचं. चेहरा भरला नव्हता, सुजला होता, हे नंतर कळलं. मार्च उजाडला, दुपारी पंखे लागले, तरी शॉप फ्लोअरवर मी हाफ स्वेटरमध्ये. बद्धकोष्ठता, कोरडी कातडी, सेकंड शिफ्टची हजेरी घेताना जड होणारी जीभ. हे सगळं मी केमोच्या खात्यात टाकत गेलो.

आणि इच्छा संपली. कमी झाली असं म्हणणार नाही, संपलीच. सकाळी झोपेतून उठताना जी आपोआप ताठरता येते तीसुद्धा कधी थांबली ते आठवत नाही. बायको जवळ आली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. तीही काही बोलायची नाही. जीव वाचला एवढं पुरे, हे घरात येणारा प्रत्येक पाहुणा सांगून जायचा, त्यामुळे त्यापुढे आणखी काही मागायचं म्हणजे हावरटपणा वाटायचा. मला अजूनही त्या वाक्याचा राग येतो.

जून 2024 मध्ये एका रात्री तीच म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्हाला आता मी नकोशी झालेय का? की मला काही होईल म्हणून लांब राहता?" तिच्या मैत्रिणीने कुठूनतरी ऐकलं होतं की शेक दिलेल्या माणसाच्या अंगात रेडिएशन राहतं. मशीनमधून बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही. मशीन बंद झालं की संपलं. उपचार चालू असतानाही शेजारी झोपायला, मुलांना जवळ घ्यायला हरकत नसते. आणि कॅन्सर स्पर्शाने लागत नाही. हे दोन्ही मी तिला सांगितलं, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ऑगस्टमध्ये फॉलोअपची तारीख होती. ओपीडीत मेव्हणा सोबत आला होता, खोलीत एक नर्स आणि दोन शिकाऊ डॉक्टर. नेहमीचे प्रश्न झाले : गिळताना अडकतं का, आवाज बदललाय का, तोंड किती उघडतं. तीन बोटं उभी आत जातात का ते दाखवायचं. मानेच्या गाठी चाचपून झाल्या. तोंडाने बोलायला जमणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती, रेशनच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर : "सहा महिन्यांपासून संबंधांची इच्छा नाही. सकाळची ताठरता बंद. थंडी वाजते, वजन वाढतंय. रेडिएशनमुळे का? कोणती तपासणी?" ती फाईलमध्ये वर ठेवून फाईलच पुढे सरकवली. डॉक्टरांनी वाचली, माझ्याकडे न बघता मेव्हण्याला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा, फाईलवर शिक्का मारून आणा." शिक्का बिक्का काही नव्हता. माणूस हुशार.

मग त्यांनी भराभर विचारलं. शुगर, बीपी, चढताना छातीत दुखतं का, तंबाखू-दारू, झोप, उदास वाटतं का, कोणत्या गोळ्या चालू. आणि समजावलं. थायरॉईड ग्रंथी मानेतच, कंठाच्या खाली. मानेच्या गाठींना रेडिएशन देताना तिला मार बसतोच. ती लगेच बंद पडत नाही, महिन्यांनी-वर्षांनी मंदावते, आणि हे बऱ्याच पेशंटमध्ये होतं. म्हणून मानेला रेडिएशन झालेल्याने दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच करायची असते, एकदा नॉर्मल आली म्हणून सोडायची नसते. थायरॉईड मंदावला की इच्छा जाते, ताठरता बिघडते, वीर्यस्खलनाला उशीर लागतो. खालच्या भागाला रेडिएशनचा धक्का बसलेला नाही, तिकडच्या नसा शाबूत आहेत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

रक्त तिथेच दिलं, टीएसएच आणि फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन), सहाशे रुपये. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट : टीएसएच 46 (थायरॉईड मंदावला की ही चढते), टी-फोर खालच्या मर्यादेच्याही खाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जायला सांगितलं.

कॉलेज रोडला एका मॅडमची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली. फी हजार रुपये. बाई डॉक्टरांपुढे हे कसं बोलायचं म्हणून मी कचरत होतो, बायको म्हणाली मी येते सोबत. अर्धं तिनेच सांगितलं. मॅडमनी तपासणी नीट केली, वृषणांचीसुद्धा, तीही जेवढ्यास तेवढी. माझ्या हनुवटीखाली दाढी येत नाही, तो भाग गुळगुळीत झालाय. मला वाटायचं हेही पुरुषी हार्मोनमुळेच. त्या म्हणाल्या, नाही, ते रेडिएशन लागलेल्या कातडीपुरतं आहे, गालावरची बघा, आहे ना व्यवस्थित.

टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या, तपासणीची शिस्त इथे नीट सांगतो, कारण अनेक जण दुपारी जेवून जातात आणि मग रिपोर्ट बघून घाबरतात. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं. म्हणून रक्त उपाशीपोटी आणि दहाच्या आत द्यायचं. ताप-सर्दी असेल तर पुढे ढकलायचं. एकदा कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा करून खात्री करायची, एका रिपोर्टवर औषध सुरू करायचं नसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. सोबत एलएच, एफएसएच (वृषणांना हुकूम देणारी हार्मोन), प्रोलॅक्टिन, एसएचबीजी आणि सकाळचं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं हार्मोन) लिहून दिलं. सगळे मिळून तीन हजारांच्या वर गेले.

लॅब सातला उघडते. मी पावणेसातला रांगेत. काउंटरवरच्या मुलीने कागद वाचला आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "काका, टेस्टोस्टेरॉन तुमचंच ना?" रांगेतल्या आजीबाईंनी काही ओळखलं नाही, त्यांच्या मागचा तरुण मात्र छताकडे बघायला लागला. "माझंच," म्हटलं. तोवर लाज बरीच झिजली होती.

पहिला आकडा 218 आला, दुसरा 231. त्या लॅबची खालची मर्यादा 264. एलएच साधारण, प्रोलॅक्टिन थोडं चढं, एसएचबीजी कमी, कॉर्टिसॉल चांगलं. मी लगेच विचारलं, मग इंजेक्शन देऊन टाका टेस्टोस्टेरॉनचं. मॅडम म्हणाल्या थांबा. थायरॉईड मंद असला की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी हे प्रथिन घटतं, म्हणून एकूण आकडा खाली दिसतो. प्रोलॅक्टिनही थायरॉईडमुळेच चढतं आणि तेही इच्छा दाबतं. आधी थायरॉईड जागेवर आणू, मग पुन्हा मोजू. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, रक्त दाट होऊ शकतं. ज्यांना ते खरंच लागतं त्यांना देतात, पण हिमोग्लोबिन, हेमॅटोक्रिट (रक्त किती दाट आहे ते), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं. मॉर्फिनसारखी औषधंही टेस्टोस्टेरॉन दाबतात हे इथेच कळलं. माझं वर्षापूर्वीच बंद झालं होतं. अजून दुखण्यासाठीचा पॅच किंवा ट्रॅमाडॉल चालू असणाऱ्यांनी ते जरूर सांगावं.

कॉर्टिसॉल का केलं, त्याचं उत्तर मला वेटिंगमध्ये मिळालं. तिथे पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार भेटले. त्यांचा कॅन्सर नाकाच्या मागच्या भागातला. तिथून कवटीचा तळ जवळ, आणि त्यावर पिट्युटरी, म्हणजे बाकी ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी. रेडिएशनचा पट्टा तिथवर गेला तर ती कित्येक वर्षांनीही मंदावू शकते. त्यांची टीएसएच नॉर्मल येत राहिली, कारण टीएसएच बनवणारी पिट्युटरीच थकलेली. टी-फोर केल्यावर घोळ कळला. शिवाय अशा पेशंटला कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉईडची गोळी आधी सुरू केली तर ते धोक्याचं असतं, कॉर्टिसॉल आधी सावरतात. त्यांना आता टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत. तेव्हा कॅन्सर नाकामागचा, सायनसचा किंवा कवटीच्या तळाजवळचा असेल तर नुसत्या टीएसएचवर समाधान मानू नका. माझ्या टॉन्सिलच्या पट्ट्यापासून पिट्युटरी लांब होती.

ईसीजी काढून मला थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅमवर सुरू केलं, मग 75, मग 100. शंभर गोळ्यांची बाटली तेव्हा दोनशेच्या आत आली, सगळ्या प्रकरणात स्वस्त हीच. पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासाने. चहावाल्या माणसाला ही अर्ध्या तासाची शिक्षाच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. आमच्यासारख्यांना आणखी एक अडचण, लाळ नसल्यामुळे गोळी जिभेला किंवा घशात चिकटते आणि तिथेच विरघळते. आधी दोन घोट पाणी पिऊन तोंड ओलं करायचं, मग गोळी, मग अर्धा ग्लास. डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनीच टीएसएच करायची, त्याआधी केली तर आकडा नीट कळत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये टीएसएच 14, जानेवारी 2025 मध्ये 3.6. आधी थंडी गेली, मग पोट साफ व्हायला लागलं, सूज उतरून वजन तीन-चार किलो खाली आलं. ("काय हो, परत खराब झालात?" असं विचारणारे तेच.) इच्छा सर्वांत शेवटी आली, फेब्रुवारीच्या सुमारास, आणि तीही हळूहळू. सकाळचं टेस्टोस्टेरॉन 342. मॅडमनी इंजेक्शनचा विषय मिटवला.

ताठरता मात्र पूर्ण भरवशाची झाली नव्हती. वीस वर्षं तंबाखू-चुना, वय, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आणि वर दीड वर्षाची धास्ती. मॅडमनी सिल्डेनाफिल 50 दिली, पण आधी पुन्हा खात्री केली की छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी मी घेत नाही. दोन्ही एकत्र गेल्या तर बीपी धोकादायक घसरतं. रिकाम्या किंवा हलक्या पोटी, तासभर आधी. तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते. आणि नुसती गोळी घेऊन बसलं तर काही होत नाही, मन तिकडे लागावं लागतं. माझा चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, तेवढंच. जनऔषधी केंद्रात प्रिस्क्रिप्शन दाखवून घेतली, फार स्वस्त पडते. स्टँडजवळच्या भिंतींवर 'मर्दाना ताकद'च्या जाहिराती असतात, त्या चूर्णांच्या वाटेला जाऊ नका. असल्या पुड्यांमध्ये हीच औषधं किंवा स्टेरॉईड न सांगता मिसळलेली सापडली आहेत. आपल्या हृदयाला काय चालतं ते पुडीवाल्याला काय माहीत.

गोळ्यांनी न सुटणारंही बरंच होतं. तोंड कोरडं, थुंकी चिकट, तोंडाला वास येईल ही भीती, त्यामुळे चुंबन बंदच पडलं होतं. आता उशाशी पाण्याची बाटली असते. आधी मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करतो. अल्कोहोल असलेला माउथवॉश आणखी कोरडं करतो, तो टाळतो. मान एका बाजूला आखडते, तिथे उशी लागते. बायकोला माझ्या मानेला हात लावायची भीती वाटायची, दुखेल म्हणून. कुठे दुखतं आणि कुठे नुसतं बधिर आहे हे एकदा तिचा हात धरून दाखवलं. रात्री मी गळालेला असतो, म्हणून रविवारची सकाळ बरी पडते, मुलगी क्लासला गेल्यावर. हॉलमधली गादी दिवाळीआधीच्या साफसफाईत माळ्यावर गेली.

या सगळ्या तपासण्या ओपीडीतल्या, साठ दिवसांची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे मेडिक्लेममध्ये काही बसलं नाही. कंपनीत वर्षाला थोडी ओपीडी बिलं मंजूर होतात, पण ती एचआरच्या टेबलावरून जातात, आणि टेबलावर आमच्याच शॉपमधल्या एकाची पुतणी. लॅबला आधीच सांगून थायरॉईडचं बिल वेगळं आणि बाकीचं वेगळं करून घेतलं. थायरॉईडचं भरलं, दुसरं सोडून दिलं. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत फी, तपासण्या, गोळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास गेले असतील.

आता डोस 100 वर स्थिर आहे, टीएसएच दर सहा महिन्यांनी, सोबत लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी. गोळी जन्मभर. ओपीडीचा छापील फॉर्म अजून तोच आहे : गिळणं, आवाज, वजन, तोंड उघडणं, दात. खाली 'इतर तक्रारी' म्हणून एक ओळ असते. तिथे मी दर वेळी "लैंगिक : ठीक" किंवा जे असेल ते स्वतःच लिहितो, आणि नर्सबाई आता न विचारता ते कॉम्प्युटरमध्ये टाकतात.